मिस्त्रींचा ऐकण्याचा पेपर

मिस्त्रींना गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. गल्लीच्या वळणाआड ती अजून कुणाच्या नजरेलाही पडलेली नसे, तोवर हे गॅरेजात हातातला पान्हा खाली ठेवून म्हणत, "पुढचं उजवं चाक. बेअरिंग गेलंय." गाडी येई, मालक उतरे, काही सांगायला तोंड उघडणार तोच हे जॅक सरकवत म्हणत, "माहीत आहे. बसा." मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उतरे, की जणू बायकोच्या पोटाला कान लावून बाळाची चाहूल घेणारा बापच.

अशा या माणसाची इंग्रजी ऐकण्याच्या पेपरात दोनदा दांडी गुल झाली होती.

"वाचनात पास, लिहिण्यात पास, बोलण्यातसुद्धा पास," सासूबाई शेजारणीला सांगत, "आणि नापास कशात, तर ऐकण्यात! तसे सगळेच नवरे त्यात नापास असतात म्हणा. पण आमच्याकडे त्याचा कागद आलाय."

सासूबाई म्हणजे मिस्त्रींच्या बायकोची आई. बायको नर्स. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या इस्पितळात तिला नोकरी लागली, ती पुढे गेली, आणि मागे उरले हे दोघं. एकाच बाईने एकाच घरात ठेवून दिलेले, आई आणि नवरा. नवऱ्यालाही तिकडे येऊन राहता येणार होतं, फक्त त्याने इंग्रजीची परीक्षा द्यायची. तीन पेपर एका दमात झाले. चौथा ऐकण्याचा होता, आणि तो काही केल्या हलेना, गंजलेल्या नटासारखा जागच्या जागी रुतून बसला.

तेव्हा सासूबाईंनीच जावयाला हाताला धरून शिकवणीच्या बाईंकडे नेलं. लाँड्रीच्या वर एक खोली, खोलीत चार बाकं, एक फळा, एक स्पीकर. खालून इस्त्रीची ऊब आणि साबणाचा वास जिन्याने वर चढत असे. बाई किडकिडीत, बोलायला मोजक्या. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नसत. परीक्षाच तशी असते, म्हणत.

"ध्वनिफीत एकदाच वाजते," त्यांनी सुरुवात केली. "म्हणून ती वाजायच्या आधी प्रश्न वाचायचे. उत्तर काय असेल ते आधी ओळखायचं. आकडा असेल, की जागा, की माणसाचं नाव? कान त्याच्या वाटेवर बसवायचा. कळलं?"

"कळलं," मिस्त्री म्हणाले. त्यांची नजर वर होती. "बाई, तुमचा पंखा कुरकुरतोय."

"त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

"बरं."

ध्वनिफीत सुरू झाली. एक बाई फोनवर भाड्याची व्हॅन मागत होती. मिस्त्री मान खाली घालून ऐकू लागले. पेन्सिल टेकली, सरकली, आणि मग हळूहळू तिचं टोक वर झालं. मिस्त्रींचे डोळे मिटले. ध्वनिफीत संपली तेव्हा बाईंनी त्यांचा कागद उचलला. 'बाईंना कुठे जायचे आहे?' या प्रश्नापुढे मिस्त्रींनी सुवाच्य इंग्रजीत लिहिलं होतं, 'ही व्हॅन तिथवर पोचणार नाही.'

"हे काय?"

"मागे इंजिन चालू होतं ना बाई. टॅपेट वाजत होते. घाटात गेली तर बसलीच म्हणून समजा."

"तो रंगत यावी म्हणून मागे घातलेला आवाज आहे, मिस्त्री."

"असेल. पण टॅपेट सेट करायला हवेत."

मागच्या बाकावर सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या सोबत म्हणून आल्या होत्या आणि बसून राहिल्या होत्या. पुढच्या वेळी बाई जिना चढून आल्या तेव्हा मिस्त्री बाकावर स्टूल ठेवून पंख्याला तेल घालत होते.

असे बरेच तास गेले. इंजिनाचं वेड थोडं ओसरलं. ध्वनिफितीत दार करकरलं तरी मिस्त्री आता नुसतेच ओठ दाबून बसत. तरी मार्क काही चढेनात. शेवटी बाईंनी त्यांचे सगळे कागद फळ्याशेजारी एका ओळीत लावले आणि लांब उभं राहून पाहिलं. प्रत्येक कागद सुरुवातीला भरलेला, मध्येच कुठेतरी एक जागा खोडून, पुसून, परत लिहून काळी झालेली, आणि त्याच्याखाली सगळं कोरं. नांगरट अर्ध्यात थांबावी तसं.

"इथे काय झालं?" बाईंनी काळ्या जागेवर बोट ठेवलं.

"तिथला शब्द सुटला."

"आणि पुढचे प्रश्न?"

मिस्त्री खजील झाले. "मी तो सुटलेलाच आठवत होतो."

"सगळा वेळ?"

"मग काय करणार? एक बोल्ट राहिला असताना गाडी गॅरेजबाहेर काढायची? माझ्या हातून नाही व्हायचं ते बाई. आमच्याकडे एक नट हरवला तर दिवसभर जमीन झाडतो, पण गाडी सोडत नाही."

बाई पहिल्यांदाच बाकावर टेकल्या. "तुम्हाला इंग्रजी येतं, मिस्त्री. कानही चांगला आहे. तुम्हाला सोडता येत नाही, एवढंच. सुटलं ते जाऊ द्यायचं आणि पुढच्या प्रश्नाशी जाऊन उभं राहायचं. शेवटी वेळ देतात, तेव्हा अंदाजाने काहीतरी लिहायचं. हे मी नाही शिकवू शकत. हे घरी शिका."

"शिकवते की!" मागच्या बाकावरून आवाज आला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या, पदर खोचून. "आता तुम्ही बघाच."

त्या दिवसापासून घरात कायदा लागू झाला. सासूबाई कुठलीही गोष्ट एकदाच सांगणार. आणि त्यांचं सांगणं म्हणजे काय! त्या वाक्याला सुरुवात करत एका गावाला आणि उतरत भलत्याच गावाला.

"जावईबापू, ते डबे फडताळात ठेवा... नको, तिथे मुंग्या येतात, ओट्यावर ठेवा... ओटा ओला आहे. राहू द्या, मीच ठेवते, तुम्ही फक्त झाकण शोधा."

मिस्त्री डबे घेऊन फडताळाशी उभे. "कुठे म्हणालात, आई?"

"एकदाच!" सासूबाई आनंदाने ओरडत. आजवर जावई म्हणून त्या त्यांच्याशी जपून बोलत आल्या होत्या. आता बाईंनीच मोकळीक दिल्यावर त्यांच्या जिभेला जणू अंगण मिळालं होतं.

बाईंनी ही गोष्ट ऐकली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "अहो, परीक्षेत हेच करतात! माणूस आधी मंगळवार म्हणतो, मग म्हणतो, नाही नाही, मंगळवारी जमणार नाही, गुरुवारी येतो. घाई करून मंगळवार लिहिला की गेला मार्क. बोलणाऱ्याचं शेवटचं काय ते धरायचं. तुमच्या सासूबाई म्हणजे चालता-बोलता सराव आहे. मला एक तास उसन्या द्याल का त्यांना?"

"कायमच्या न्या," मिस्त्री म्हणाले, आणि मागच्या बाकावरून छत्रीची टोच खाल्ली.

पण सोडायचं काही जमेना. एकदा सासूबाई न्हाणीघरातून म्हणाल्या, "दूध उतू जाईल, गॅस बारीक करा, आणि गच्चीवरचे कपडे काढा, आभाळ आलंय." मिस्त्रींना पहिला भाग नीट आला नाही. गॅस मोठा करा म्हणाल्या की बारीक? की बंद? ते ओट्यासमोर उभं राहून आठवू लागले. त्यांच्या डोळ्यांदेखत दूध वर आलं, काठाशी थबकलं, आणि खाली उतरून ओट्यावर पसरलं. मग ते पुसत बसले. तोवर कपडेही भिजले.

सासूबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या. त्यांनी ओटा पाहिला, खिडकीतून गच्ची पाहिली, जावयाच्या हातातलं फडकं पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. पण त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि हसत सुटल्या, आणि हसता हसता त्यांच्या तोंडून ओवीच बाहेर पडली. दळण-कांडण करणाऱ्या बायकांच्या घरात वाढलेलं तोंड ते, त्याला चाल लावायला वेळ लागत नसे.

"सुटलं ते सुटलं, त्याच्यामागे नको धावू,
येणाऱ्याला दार उघड, जाणाऱ्याला हात दावू!"

"हे परीक्षेत म्हणू?" मिस्त्री म्हणाले.

"मनात म्हणा. मोठ्याने म्हणालात तर हाकलून देतील."

परीक्षा तोंडावर आली तसा बायकोचा फोन आला. तिकडे तिची ड्यूटी संपली होती, इकडे मिस्त्री गॅरेज उघडत होते. शटर अर्ध्यावर धरून ते बोलू लागले.

"कसा चाललाय अभ्यास?"

"तुझी आई मला घरात सुखाने राहू देत नाहीये. तू कशी आहेस?"

"मी? मी मजेत." ती म्हणाली. "म्हणजे इस्पितळात मजेत. माणसं चांगली आहेत, रुग्ण हात धरून ठेवतात... खोलीवर आलं की नाही."

पूर्वी असतं तर मिस्त्रींनी 'मजेत' एवढंच उचललं असतं आणि गाडीखाली शिरले असते. आज ते शटर धरून थांबले. शेवटचं काय ते धरायचं.

"आणि परीक्षेचं टेन्शन घेऊ नकोस," ती पुढे म्हणाली. "नाही झालास पास तरी काही बिघडत नाही. पुढच्या वेळी बघू... नाही. पुढच्या वेळचं नाही सांगत मी. या वेळी नाही झालं तर मी सोडून येते परत. ठरवलंय मी. एकटीने नाही निभत रे."

"अगं, पण ती नोकरी! किती शिकलीस त्यासाठी."

"हो, म्हणूनच सांगितलं. आता ठेव, तुझं गिऱ्हाईक आलं असेल."

आलं होतं. गल्लीच्या वळणावर एक गाडी खोकत होती, आणि ती कशाने खोकतेय हे मिस्त्रींना त्या दिवशी ऐकू आलं नाही. मालकालाच सांगावं लागलं. मालक घाबरला. "मिस्त्री, बरं नाही का तुम्हाला?"

परीक्षेच्या दिवशी सासूबाईंनी त्यांना भरपूर खाऊ घातलं आणि दारातून सांगितलं, "प्रश्न आधी वाचा. नुसतं बघू नका, वाचा. आणि कुणाची गाडी बिघडली असेल तर बिघडू द्या." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "मी काही काळजी करत नाहीये हं." आणि लगेच आत गेल्या. त्यांचंही न बोललेलं शेवटचं वाक्य काय होतं ते मिस्त्रींना कळलं, कारण आतून भांडी आपटल्याचा आवाज आला.

परीक्षेची खोली गार होती. टेबलं लाकडी आडोशांनी वेगवेगळी केलेली, प्रत्येकावर हेडफोन. पर्यवेक्षिका बुटांचा आवाज न करता फिरत होत्या, आणि मिस्त्रींना तेवढ्यातही त्यांचा डावा बूट सैल असल्याचं जाणवलं. त्यांनी स्वतःला चिमटा काढला. प्रश्न वाचले. पहिल्या भागात पत्ता, तारीख, माणसाचं नाव, सामानाचं वजन. कान वाटेवर बसवून ते तयार झाले.

ध्वनिफितीतला एक माणूस आपलं घर बदलणार होता. त्याने आधी एक तारीख सांगितली. मिस्त्रींनी पेन्सिल उचललीच नाही. त्याने ती बदलली, मिस्त्रींनी लिहिली. मनात म्हणाले, हे तर आमच्या आईंचे भाऊ. मग तो पत्ता सांगू लागला, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्यामागून एक ट्रक गेला. डिझेलचा, जुना, सायलेन्सर फाटलेला. कान आपला मालक बदलून ट्रकमागे धावत सुटला. क्षणभरच. तो परत येईतो पत्ता संपला होता.

मिस्त्रींची पेन्सिल त्या रिकाम्या जागेवर गेली. कुठला रस्ता म्हणाला? उत्तरेकडचा? की बागेजवळचा? हात आपोआप जमीन झाडू लागला, हरवलेला नट शोधायला. तेवढ्यात त्यांना तो ओटा आठवला, दुधाचा, आणि ओल्या केसांचं ते हसणं. त्यांनी पेन्सिल उचलली. डावा हात वर केला. आणि सुटलेल्या त्या पत्त्याला त्यांनी अगदी खराखुरा, बसमध्ये चढलेल्या पाहुण्याला करतात तसा, टाटा केला.

पर्यवेक्षिका सैल बुटाने लगबगीने आल्या. वाकून हलकेच विचारलं, "काही हवंय का?"

बोलायची सोय नव्हती. कानात पुढचा प्रश्न चालू झाला होता. मिस्त्रींनी त्यांनाही टाटा केला.

पर्यवेक्षिका सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं, त्यांच्या कागदाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. आणि काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही हळूच हात हलवला आणि निघून गेल्या.

नंतर आणखी दोन प्रश्न सुटले. एक मधमाश्यांवरच्या व्याख्यानात, तिथे व्याख्याता इतका घोगरा होता की त्याच्या घशालाच तेल घालावंसं वाटे. आणि एक अगदी शेवटी. दोघांनाही मिस्त्रींनी हात दाखवला, फक्त टेबलाखालून. शेवटच्या वेळात ते मागच्या प्रश्नांकडे वळले आणि रिकाम्या जागांत अंदाजाने काहीबाही भरलं. पत्त्याच्या जागी 'बागेजवळ' लिहिलं. बाग कुठेही असली तरी तिच्याजवळ कुणीतरी राहत असणारच.

निकाल लागला तेव्हा मिस्त्री एका टेम्पोखाली उताणे झोपलेले होते. तेलकट बोटांनी फोन पाहावा कसा, म्हणून त्यांनी तो नाकाने उघडला. बराच वेळ टेम्पोखालून फक्त दोन पाय दिसत होते, आणि पाय हलत नव्हते. गिऱ्हाईक खाली वाकलं. "मिस्त्री? फार मोठं काम आहे का?"

"नाही," आतून आवाज आला. "झालं काम."

काठावर, पण झालं होतं. टेम्पोचा शेवटचा बोल्ट मात्र त्यांनी दोनदा तपासला आणि मगच घरी धावले.

सासूबाई खिडकीत बसून होत्या. जावयाचा चेहरा पाहताच त्यांना सगळं समजलं. त्या उठल्या, त्यांच्या खांद्यावरचा तेलाचा डाग पदराने पुसू लागल्या. तो जाणारा नव्हता, तरी पुसत राहिल्या.

"मी जाईन मुलाकडे राहायला," त्या म्हणाल्या. "सून चांगली आहे. गप्प बसून सगळं ऐकून घेते... म्हणजे जरा जास्तच गप्प असते. भांडायचं म्हटलं तरी दोन माणसं लागतात." मग नाक ओढून म्हणाल्या, "लावा तिला फोन. उगाच उभे काय राहिलात?"

फोन लागला. स्पीकर चालू केला. मिस्त्रींनी एकच शब्द सांगितला, आणि पलीकडे एकदम ती हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम.

"आता तू इथल्या लोकांचं बोलणं ऐक," ती सावरत म्हणाली. "त्या ध्वनिफितीसारखं इथे कुणी म्हणजे कुणी बोलत नाही. आमची घरमालकीण तर तोंडात वाटी धरल्यासारखी बोलते. अजून मला तिचं निम्मं कळत नाही."

"मग तू काय करतेस?" मिस्त्री घाबरले.

"काय करणार? पुन्हा सांगा म्हणते."

"आणि सांगते ती?"

"सांगते की. कधी तिसऱ्यांदासुद्धा. वर चहा पण देते."

सासूबाईंनी फोनवर झेप घेतली. "मग त्या परीक्षावाल्यांनाच काय धाड भरली होती गं, एकदा सांगून तोंड मिटायला? इथे माझं दूध गेलं, कपडे भिजले, जावयाचं निम्मं आयुष्य गेलं!"

"आई, अगं..."

"बरं, ते राहू दे. विमानातून उतरल्यावर यांनी कुठे उभं राहायचं ते सांग. यांना काही सुचत नाही, दाराशीच ठाण मांडून बसतील."

बायको सांगू लागली. सामान घेऊन काचेच्या दारातून बाहेर ये, डावीकडे वळ, बाकांच्या पुढे एक पिवळा खांब आहे, तिथे थांब. मी निळा कोट घातलेला असेन. थंडी असेल, तर आतच थांब... नाही, आत नको, गर्दी असते, खांबापाशीच ये, मी लवकर येऊन उभी राहीन.

मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. काचेचं दार, डावीकडे, बाकं, पिवळा खांब, निळा कोट. एकही शब्द सुटला नव्हता.

"कळलं?" तिने विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "पुन्हा सांग."

तिने पहिल्यापासून सुरुवात केली. सासूबाईंनी जावयाच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं, "लबाड!" म्हणाल्या, आणि दार ओढून घेऊन बाहेर गेल्या.